चिंचेखालचा साहेब

आमच्या चिंचेखाली बसणाऱ्या सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. एक जुलै. हसू नका, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारून पाहा. आमच्या आयांना आमचे जन्म आठवायचे ते 'धान कापणीवर आलं होतं तवा' किंवा 'मोठा पूर आला त्या साली' असे. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी तारीख विचारणार, बाप डोकं खाजवणार, आणि गुरुजी शाळा उघडायच्या सुमाराची सोयीची एक तारीख लिहून मोकळे होणार. त्यामुळे एक जुलैला ब्रह्मपुरीच्या कॉलेजमागच्या चिंचेखाली आम्ही सगळे बेकार एकदमच एका वर्षाने म्हातारे होत असू.

हा सामुदायिक वाढदिवस सुखदेवभाऊंनी सुरू केला. सकाळीच एसटी स्टँडवरून कागदात बांधलेले आलूबोंडे घेऊन यायचे, प्रत्येकाच्या हातावर अर्धा अर्धा ठेवायचे आणि नाटकातल्यासारखा आवाज काढून म्हणायचे, "पोट्टेहो, सरकारच्या हिशेबानं आज तुमी अजून थोडे नालायक झाले!" आम्ही खो खो हसायचो. हसायला काय जातं, आमची वर्षं शिल्लक होती. भाऊंची संपत आली होती. सरकारी नोकरीसाठी वयाची अट असते, ती ओलांडली की माणूस 'एजबार'. हा एक इंग्रजी शब्द आमच्याकडे निरक्षर बायांनासुद्धा ठाऊक होता. 'त्याचं पोरगं एजबार झालं वं,' असं त्या हळू आवाजात बोलत, घरात कोणाला मोठा आजार निघाल्यासारखं.

सुखदेवभाऊंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझी नोकरी झाली, निवृत्तीही झाली. पण परवा शेजारची एक मुलगी मुलाखतीला निघाली, दारात चप्पल घालता घालता तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकत होती, आणि मला भाऊंची इतकी आठवण आली की स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

माणूस उंच, काळासावळा, आणि हात हे एवढे लांब! कुठलाही सदरा घातला तरी बाह्या मनगटाच्या वरच राहायच्या. बी.ए. झालेले. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की गावोगावच्या नाटकांत छोटी कामं करायचे. शेवटच्या अंकात येऊन दोन वाक्यं बोलणारा कलेक्टर नाहीतर फौजदार, हे ठरलेलं. "खुर्ची नाई भेटली, पण कलेक्टर तं झालो ना, तेही मेकअपसकट!" असं स्वतःच सांगायचे. बाकीचे दिवस राईस मिलमध्ये पोती मोजायची, पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या, आणि दुपार कलली की चिंचेखाली यायचं. आमच्यातला कोणी नापास होऊन आला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आपण नापास नाई झालो बापा, आपली बारी नाई आली."

घरी आई एकटी. तिला सगळे भागामाय म्हणत. जमीन नव्हती, दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला जायची. रोवणा म्हणजे धानाची लावणी. पाऊस अंगावर घेत दिवसभर घोटाभर चिखलात कमरेतून वाकून उभं राहायचं आणि रोप लावत लावत मागे सरकायचं. बायकांचंच काम ते. बाप्ये परे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या आणून टाकतात, पण लावायला ओळीत उभे राहत नाहीत. भागामायच्या पायांना पावसाळाभर चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटायची. संध्याकाळी भाऊ तिचे पाय मांडीवर घेऊन करंजाचं तेल लावत बसायचे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेल लावता लावता एकदा मला म्हणाले, "सुमन, मले नोकरी कायले पाह्यजे सांगू? पंख्याखाली बसाले नाई. ज्या दिवशी ऑर्डर भेटन, त्या दिवसापासून माय बांधीत पाय नाई ठेवणार. बस." भागामाय लगेच ओरडली, "अन् मी घरी बसून काय माशा मारू?" पण तोंडावर काय आनंद होता तिच्या! त्या माणसाची सगळी धडपड एवढ्यासाठीच होती.

चिंचेखाली चालायचं काय, तर मुलाखती. भाऊ मुळावर बसून साहेब व्हायचे. नाटकातली काचा नसलेली चष्म्याची फ्रेम डोळ्यांवर, आवाज नागपूरकडचा. आपण नाल्यापलीकडून चालत यायचं, नसलेल्या दारावर टकटक करायची, 'आत येऊ का सर' म्हणायचं आणि एका दगडावर बसायचं. बसताना पाय हलवला की साहेब खेकसायचे, "पाय बांधून येजा उद्या!" आमच्या भाषेची तर त्यांनी सालटी काढली. 'अभ्यास करून राह्यलो' म्हटलं की बाहेर काढायचे. "इथी राह्यलो, तिथी राह्यलो. घरी राह्य नं मग! 'करतो आहे' म्हण." आणि स्वतःच हसत सुटायचे, कारण ओरडताना तेसुद्धा 'मी काय सांगून राह्यलो' असंच म्हणायचे.

या भाषेपायी त्यांचा स्वतःचा एक कॉल वाया गेला होता. कॉल म्हणजे मुलाखतीचं बोलावणं. रोजगार कार्यालयात नाव नोंदवून वाट पाहायची, वर्ष-दोन वर्षांत एखादा कॉल येतो, तेवढ्यावर माणूस जगतो. भाऊंना मुलाखतीत साहेबाने विचारलं, वडील काय करतात? भाऊंचे वडील ते लहान असतानाच गेले होते. भाऊ बोलून गेले, "वडील नाई, साहेब." साहेब हिंदी मुलखातला. हिंदीत नाई म्हणजे न्हावी.

"अच्छा. दुकान आहे?"

भाऊंना वाटलं किराण्याचं विचारतोय. "दुकान नाई, साहेब."

"मग काय, घरोघरी जाऊन करतात?"

"कोन घरोघरी जाईन साहेब, ते तं मेले!"

ही गोष्ट भाऊ दोन्ही आवाजांत करून दाखवायचे आणि आमची हसून मुरकुंडी वळायची. शेवटी मात्र दर वेळी एक वाक्य जोडायचे. "न्हाव्याचं पोरगं असतो तरी काई वाईट नोतं. पण मी मेलेला बाप सांगून राह्यलो, अन् तो दुकान विचारते." तेव्हा हसू थांबायचं.

तेव्हापासून चिंचेखाली एक नवा शब्द आला. हयात. ज्यांचे वडील वारलेत त्यांनी 'वडील हयात नाहीत' असंच म्हणायचं. तो शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. कोणी 'हायात' म्हणे, कोणी 'हयाती'. मनसाराम नावाचा एक मुलगा होता, कष्टाळू पण घाबरट. त्याने तर रात्रंदिवस घोकंपट्टी केली. चंद्रपूरला मुलाखत होती, त्याचा बाप डबा घेऊन सोबत गेला आणि बाहेर बाकावर बसला. आत साहेबाने विचारलं, वडील काय करतात? मनसाराम ताठ बसून खणखणीत आवाजात म्हणाला, "वडील हयात नाहीत, सर!" शब्द एवढा सुंदर उच्चारला की साहेबाला वाईट वाटलं. मुलाखत संपल्यावर तो मनसारामला धीर द्यायला दारापर्यंत आला, तर बाहेर हा गृहस्थ उठून हात जोडतो, "नमस्कार साहेब, मी याचा बाप. पोरगं बोललं का बराबर?"

गंमत म्हणजे मनसाराम लागला! तलाठी झाला. साहेबाला हसू आवरलं नाही म्हणून लागला, असं आम्ही म्हणायचो. भाऊ मात्र रागवायचे, "हसू आलं म्हणून नाई लागला. शब्द बराबर होता म्हणून लागला." मनसाराम पेढे घेऊन आला तेव्हा भाऊंनी त्याच्या बापाला मिठी मारली होती, आणि म्हातारा म्हणत होता, "सुखदेवभाऊ, माह्या पोरानं मले मारलं तं मारलं, पण नोकरी लावली."

आणि जे लागायचे नाहीत त्यांच्यासाठी भाऊंची एक वेगळीच रीत होती. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही, शेजारचे भाकरी-वरण घेऊन जातात. भाऊ नोकरी हुकलेल्याच्या घरी तसे जायचे. भागामायच्या हातच्या भाकरी, वांग्याची भाजी, फडक्यात बांधलेली. उपदेश एका अक्षराचा नाही. "आज तुह्या घरी जेवण गोड नाई लागणार, म्हणून आणलं," एवढंच. जेवण होईपर्यंत बसायचे आणि उठताना सांगायचे, "सुतकच हाय हे. पण एका दिवसाचं. उद्या आंघोळ करून चिंचेखाली येजो." एकदा कोणीतरी चेष्टेने विचारलं, भाऊ, तुम्ही तर बौद्ध, तुमच्यात सुतक पाळतात का? म्हणाले, "आमच्यात नाई पाळत. तुमच्यासाठी पाळून राह्यलो."

माझ्यावर ती पाळी आली तेव्हा मी दार लावून बसले होते. माझा स्वभाव आधीच तापट. मुलाखतीत मला विचारलं होतं, 'लग्न झाल्यावर नोकरी सोडणार ना?' आणि मी म्हटलं होतं, 'हे तुम्ही मघाच्या मुलाला विचारलं का?' झालं! घरी आले तर वडील म्हणाले, पुरे झालं आता, भंडाऱ्याचं एक स्थळ आहे. मी आतून कडी लावली. भाऊ आले. दाराशी आले नाहीत, अंगणात वडिलांजवळ बसले. भाकरीचं फडकं सोडलं आणि वडिलांच्याच पुढे ठेवलं. वडील म्हणाले, "मले कायले?" भाऊ म्हणाले, "काकाजी, दुःख तुमालेही झालं असन ना. घ्या." आमचे वडील कडक माणूस, पण खाली मान घालून ते खायला लागले. मग भाऊंनी दाराकडे तोंड करून आवाज दिला, "सुमन, उत्तर बराबर होतं तुवं. पण पुढच्या टायमाले हसून सांगजो." भंडाऱ्याचं स्थळ राहिलं ते राहिलंच. माझ्यासाठी कोणी इतकं केलं नाही, हे मी आज माझ्या पोरांसमोरसुद्धा सांगते.

त्याच सुमाराला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. काय उत्साह होता! नव्या कचेऱ्या निघणार, नव्या खुर्च्या येणार, त्यावर बसायला माणसं लागणारच की! भाऊ तर नाचायचे बाकी होते. "आता बारी आपली," म्हणायचे. कचेऱ्या निघाल्या, खुर्च्याही आल्या, पण बसणारे पुष्कळसे बदली होऊन बाहेरून आले आणि आल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागले. भाऊंना कॉल आला तो चंद्रपूरच्या एका कचेरीचा, तोही एक जुलै उलटून गेल्यावर. सवलतीची वर्षं धरूनसुद्धा ते अगदी थोडक्यात अटीबाहेर गेले होते.

आणि खरी गोष्ट अशी की ते बाहेर गेलेच नव्हते. शाळेत नाव घालताना पोराचं वय कळावं म्हणून गुरुजी एक युक्ती करत. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर सहा वर्षांचा, नाही आला तर पुढच्या साली ये. सुखदेवभाऊंचे हात लहानपणापासूनच लांब. थोरल्या चुलतभावाबरोबर शाळा पाहायला म्हणून गेलेलं पाचाच्या आतलं पोर, त्याने टुण्णकन कान धरला! गुरुजींनी वय मोठं लिहून टाकलं. ती दीड-दोन वर्षं आता आडवी आली. "हात लांब असले तं माणूस दूरपर्यंत पोचते म्हणते," भाऊ म्हणाले, "मी तं सरकारच्याही पार गेलो."

मनसाराम आता तलाठी होता, त्याला कायदेकानून कळायला लागले होते. तो म्हणाला, गुरुजींकडून लिहून घेऊ. गुरुजी वैनगंगेपलीकडच्या एका गावात मुलाकडे राहत होते. आम्ही तिघं गेलो. फार थकले होते, ऐकायलाही कमी येत होतं. मनसारामने मोठ्याने ओरडून सगळं समजावलं. त्यांनी भाऊंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हात कर." भाऊंनी हात पुढे केले. गुरुजींनी ते दोन्ही हात धरले. "मीच घेतला होता तुले. कान धरून असा हसला होतास... मी म्हटलं, पोरगं हुशार हाय, बसू दे. तुह्या पोटावर मी पाय देल्ला रे सुखदेव." आणि ते म्हातारे गुरुजी घळाघळा रडायला लागले.

मला वाटलं आता भाऊ काही कडू बोलतील. बोलले असते तरी चाललं असतं. पण भाऊ खाली बसले, गुरुजींच्या पायांशी, आणि म्हणाले, "गुरुजी, असं काऊन म्हणता? त्या साली माहा बाप मेला. तुमी मले तवाच घेतलं नसतं, तं पुढच्या साली मी पाटलाच्या गाई चारत असतो. शाळा पाह्यलीच नसती. तुमी वय वाढवलं, पण माणूस केलं ना मले." किती वेळ समजावत होते! आपलं नुकसान झालं आहे हे विसरून तो माणूस नुकसान करणाऱ्याचे डोळे पुसत होता. येताना नावेत मी चिडून म्हटलं, "भाऊ, तुम्हाला राग म्हणून काही येत नाही का?" ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "येते ना बाई. पण तिथी काढून काय फायदा, म्हातारा मरून जाईन."

गुरुजींनी लिहून दिलेलं घेऊन भाऊ चंद्रपूरला गेले. भागामायने त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मला नेमकी त्याच आठवड्यात आलापल्लीच्या पुढे, हेमलकशाच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेची ऑर्डर आली आणि निघावं लागलं. स्टँडवर सोडायला भाऊ आले होते. मी विचारलं, मुलाखत कशी झाली? म्हणाले, "झाली. चांगली झाली." आणि माझी ट्रंक वर चढवायला टपावर चढले. मला एवढा आनंद झाला की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही.

जंगलातली ती शाळा म्हणजे पावसाळ्यात जगाशी संबंध तुटलेला. पोरं माडिया बोलायची, मी मराठी. दिवस कसे जायचे कळत नव्हतं. हिवाळ्यात एकदा आलापल्लीच्या बाजारात कचेरीच्या कामाने आलेला एक तरुण लिपिक भेटला, सावली गावाकडचा. ब्रह्मपुरीची म्हटल्यावर त्याने विचारलं, "तुमच्या तिकडचे एक उंच, लांब हातांचे भाऊ होते, ते कुठी असतात?" मग त्याने सांगितलं. त्याच मुलाखतीला तोही गेला होता. दारावरच्या बाबूने भाऊंचे कागद पाहिले, गुरुजींचं लिहिलेलं वाचलं आणि म्हणाला, शाळेच्या दाखल्यावर आहे तेच वय धरणार, तुम्ही एजबार. आतसुद्धा सोडलं नाही. त्या बाबूचंही काही चुकलं असं नाही, नियमच तो. भाऊ थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. मग परत येऊन बाकावर बसले. शेजारी हा मुलगा घामाने भिजला होता. भाऊंनी त्याला विचारलं, "पह्यली खेप हाय का?" आणि लागले शिकवायला. पाय हलवू नको, 'करून राह्यलो' म्हणू नको, वडील आहेत की नाहीत, मग असं सांग. एकेकाला धीर देऊन आत पाठवत संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. "मले वाटलं ते तिथचेच कोणी साहेब हायेत," तो मुलगा म्हणाला. त्याची त्याच जागेवर निवड झाली होती.

मी घ्यायचं ते काही न घेता बाजारातून परत फिरले. कोणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात रजा मिळाली तेव्हा घरी पोचल्या पोचल्या भाकरी केल्या, फडक्यात बांधल्या आणि भाऊंच्या घरी गेले. उशीर फार झाला होता, पण दुसरं मला काही सुचेना. तर ओट्यावर भागामाय बसलेली. रोवण्याचे दिवस आणि भागामाय घरी! अंगावर धुतलेलं लुगडं, पाय सुके, स्वच्छ. मला पाहून हरखली.

"ये वं बाई! तुले माहीत नाई का? लागला ना माहा सुखदेव नोकरीवर!"

"कुठं?"

"आरमोरीकडं, मोठं हापिस हाय म्हणते. इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या गाडीनं जाते, दिवस बुडता येते. पह्यल्याच दिवशी मले म्हणे, माय, आता बांधीत नाई जायचं. मी म्हटलं, बरं बापा. आता तुह्याच राज्यात बसतो." आणि पाय पुढे करून दाखवत म्हणाली, "पाह्य, एक चिखली नाई."

मला खरंच वाटलं. का वाटू नये? चंद्रपूरची हुकली, दुसरी लागली असेल. खासगी असेल. मी त्या म्हातारीला कवटाळलं. भाकरी तिच्या हातात दिल्या आणि कशासाठी आणल्या ते सांगितलंच नाही. मनातून भाऊंवर रागावलेसुद्धा, एवढी मोठी बातमी आणि मला दोन ओळी नाहीत! मोहल्ल्यातली माणसं मात्र माझ्याकडे पाहून दुसरीकडे बघत होती, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

दोन दिवसांत भाऊंची गाठ पडली नाही आणि मी परत निघाले. आरमोरीच्या रस्त्याने गाडी जात होती. एका ठिकाणी पऱ्यांच्या पेंढ्यांनी भरलेली बैलबंडी रस्त्यातच चिखलात रुतली होती, गाडी थांबली. दोन्हीकडे बांध्या, बायांच्या ओळी वाकलेल्या. रस्त्याकडेच्या पळसाला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली आणि तिच्यात घडी न मोडता ठेवलेला इस्त्रीचा पांढरा सदरा. मी सहज ओळीकडे पाहिलं. सगळ्या बाया, आणि मध्ये बनियनवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक उंच बाप्या रोवणा लावत होता. त्याचे हात इतके लांब होते की त्याला बायांएवढं वाकावं लागत नव्हतं.

मी ओरडले, "भाऊ!"

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. क्षणभर वाटलं तोंड फिरवतील. पण आले, चिखल तुडवत, थेट खिडकीखाली येऊन उभे राहिले. पावसाचं पाणी नाकावरून गळत होतं.

"माय भेटली का?" त्यांनी विचारलं.

"भेटली."

"खुश हाय ना?"

मी मान हलवली.

"मग झालं तं." एवढं म्हणून हसले. "पावसाळ्यात इथी, बाकी दिवस गिरणीत पोते. कोणाचे तरी पाय चिखलात राहणारच ना बाई. तिचे आता कोरडे हायेत." मग खाली पाहिलं. त्यांच्या पायाच्या बोटांत चिंध्या बांधलेल्या होत्या. "तुही शाळा कशी हाय? पोट्टे शिकते का?"

मी म्हटलं, "भाऊ, हे असं किती दिवस?"

"जितले दिवस ती विचारणार नाई तितले." बंडी निघाली, ड्रायव्हरने गाडी सुरू केली. भाऊ गाडीबरोबर दोन पावलं चालले आणि म्हणाले, "घरी सांगजो नोको." मागे वळून पाहिलं तर ते ओळीकडे परत जात होते. शेजारच्या बाईने त्यांच्या वाटची रोपं हातात धरून ठेवली होती.

जिवंत सुखदेवभाऊ मला शेवटचे दिसले ते तिथेच. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात हिवताप डोक्यात चढला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तार मिळाली, मी मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा उचलायची तयारी चालली होती. पांढऱ्या कापडात ते लांब हात कसेतरी बसवले होते. अंगणात, गल्लीत माणसंच माणसं. मनसाराम तलाठी, त्याचा म्हातारा बाप, ग्रामसेवक, मास्तर, पोस्टातला एक, वनखात्यातले दोघं, सावलीकडचा तो लिपिक, सगळे चिंचेखालून नाहीतर त्या बाकावरून गेलेले. कोणी ड्युटीवरून तसेच आलेले, पँट-शर्टात, खिशाला पेन. भिंतीकडेला बांधीतल्या बाया उभ्या होत्या, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, मोठ्याने रडायचीही त्यांना चोरी.

भागामाय रडून रडून कोरडी झाली होती. तिने माझा हात धरून जवळ ओढलं आणि त्या गर्दीकडे पाहत हळूच विचारलं, "बाई, एवढे साहेब लोक... हे सारे त्याच्या हापिसातले का वं?"

मनसारामने ऐकलं. तो पुढे आला, तिच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "हाव माय. आमी सारे त्याच्याच हापिसातले."